जड गोळीला घाई नको

रानडुकरांसाठी लिव्हर-ॲक्शन रायफल घेतली, ती .45-70 च्या काडतुसाची निघाली आणि घरीच शिशाच्या जड गोळ्या ओतून काडतुसं भरायचं ठरवलं, की टेक्सासात पहिला सल्ला ठरलेला असतो: रायफल सोसेल तितकी दारू भरा. त्यामागची कारणंही पाठ झालेली असतात. कारखान्याचं काडतूस जुन्या कमकुवत बंदुकांच्या धास्तीने मवाळ ठेवलेलं आहे. आजची मार्लिन कंपनीची लिव्हर-ॲक्शन त्या बंदुकांपेक्षा कितीतरी मजबूत आहे. पोसलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिलखतासारखं जाड कातडं असतं. म्हणून 400 ग्रेनच्या पुढची, शक्य तितकी कडक गोळी सेकंदाला 1800 फुटांच्या वर पळवायची.

यातलं प्रत्येक विधान सुटं घेतलं तर बरंचसं खरं आहे. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. असा सल्ला एका वाक्यात झटकून टाकता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकारीचा प्रश्नच उरला नाही. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरांचा तिथला प्रश्न वेगळा, त्याचे नियमही वेगळे. अमेरिकेत डुक्कर मुळात परकं जनावर. 1539 मध्ये हर्नांडो दे सोतोच्या मोहिमेबरोबर ते फ्लोरिडात उतरलं, पुढे पाळीव डुकरं रानात सुटत गेली, आणि 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात शिकारीसाठी युरोपातून मुद्दाम रानडुकरं आणून सोडली गेली. आज तीसहून अधिक राज्यांत मिळून त्यांची संख्या साठ लाखांवर असल्याचं तिथलं कृषी खातं सांगतं. टेक्सासात त्यांचा सुळसुळाट इतका, की 2019 पासून जमीनमालकाची परवानगी असेल तर खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. म्हणजे मारायचं की नाही हा वाद तिथे मिटलेला आहे. कसं मारायचं, हा वाद मिटलेला नाही, आणि मला त्याचंच पडलं आहे. उपद्रवी ठरवलेल्या जनावरालाही झटक्यात मरण मिळण्याचा हक्क आहे.

आता काडतुसाकडे येऊ. .45-70 अमेरिकी सैन्याने 1873 मध्ये ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर स्वीकारलं. नावातला 70 म्हणजे 70 ग्रेन काळी दारू. तिच्यापुढे 405 ग्रेनची, म्हणजे सुमारे 26 ग्रॅमची शिशाची गोळी. वेग सेकंदाला 1300 फुटांच्या थोडा वर. त्याच काळात शार्प्स रायफलींतून सुटणाऱ्या अशाच जड, मऊ, संथ गोळ्यांनी मैदानी प्रदेशातल्या बायसनांचे कळपच्या कळप नाहीसे केले. ती कत्तल अमेरिकेच्या इतिहासातला काळा अध्याय आहे, तिचं कौतुक मला करायचं नाही. पण ती गोळी काय करू शकते याचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहावंच लागतं. पूर्ण वाढलेला नर बायसन 900 किलोपर्यंत जातो. टेक्सासात बंदुकीसमोर येणारं प्रौढ डुक्कर बहुधा 50 ते 110 किलोंच्या दरम्यान असतं. आठपटीहून जड जनावराच्या फासळ्या भेदणारी गोळी डुकरापुढे अचानक अपुरी कशी पडते, याचं उत्तर वेगाच्या पुरस्कर्त्यांकडून मला आजवर मिळालेलं नाही.

त्यांचा आधार असतो तो ऊर्जेच्या तक्त्याचा. 405 ग्रेनची गोळी 1330 फुटांच्या वेगाने निघाली तर नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे 1590 फूट-पाउंड भरते. तीच 1800 फुटांनी निघाली तर 2900 च्या पुढे जाते. आकडा जवळजवळ दुप्पट झाला, म्हणजे रायफल दुप्पट मारक झाली, असा हा हिशेब. पण याच तक्त्यात .270 विंचेस्टरची 130 ग्रेनची गोळी 2700 च्या आसपास बसते, आणि ती .45-70 च्या पौणेदोनपट मारक आहे असं वेगाचे हेच पुरस्कर्ते कधी म्हणणार नाहीत. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेग वाढवला की आकडा फुगतो. जखम कशी होते ते हा आकडा सांगत नाही. हलकी वेगवान गोळी आत जाऊन उमलते आणि भोवतालचं मांस फाडते. तिचं सगळं काम वेगावर चालतं. ओतीव जड गोळीचं काम तिच्या व्यासावर, चपट्या नाकावर आणि वजनावर चालतं. .458 इंच, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरहून थोडा जास्त, एवढा व्यास तिला उमलण्याआधीच मिळालेला असतो. चपटं नाक समोरच्या पेशी बाजूला न सारता चिरडत जातं, आणि वजनामुळे ती वाट न सोडता पलीकडे निघते.

अमेरिकी बंदूकजगतात या दोन विचारांचं भांडण जुनं आहे. एका बाजूला आयडाहोचा एल्मर कीथ, जड आणि रुंद ओतीव गोळीचा कट्टर पुरस्कर्ता. दुसऱ्या बाजूला 'आउटडोअर लाइफ'चा जॅक ओकॉनर, .270 च्या हलक्या वेगवान गोळीचा वकील. दोघांचंही म्हणणं आतून सुसंगत होतं. आजचे वेगवादी कीथचं वजन घेतात, ओकॉनरचा वेग घेतात, दोन्हींची मोट बांधतात आणि वर कीथचा दाखला देतात. कीथ भरपूर दारू भरणारा माणूस होता, हे मान्य. पण .44 स्पेशलसाठी त्याने नावारूपाला आणलेली 250 ग्रेनची ओतीव गोळी पिस्तुलातून सेकंदाला सुमारे 1200 फुटांनी जात असे, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान होतं. त्याच्या नावाने 1800 चा आग्रह धरणं त्याच्यावर अन्याय आहे.

चिलखताचं काय? पोक्त नराच्या खांद्यावर, कातडीखाली, कूर्चेसारखा चिवट थर खरोखर असतो. आपसातल्या मारामारीत दुसऱ्याच्या सुळ्यांपासून तो वाचवतो, वयाबरोबर जाड होतो, काही ठिकाणी इंचभरही भरतो. सुळ्यापासून वाचवणारी गोष्ट शिशाच्या 26 ग्रॅमच्या गोळीपासूनही वाचवेल, हे मात्र दंतकथेत जमा. बार खाऊनही डुक्कर पळालं, या कहाण्यांचं खरं कारण मला दुसरीकडे दिसतं. अमेरिकेतले बहुतेक शिकारी हरणावर तयार होतात. हरणाच्या खांद्यामागे नेम धरायची सवय हाताला लागलेली असते. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली, अगदी पुढच्या पायांच्या दरम्यान असतात. हरणाच्या हिशेबाने घेतलेला नेम डुकराच्या यकृतात किंवा आतड्यात लागतो. जनावर पळतं, चरबी आणि दाट केस जखमेचं तोंड बुजवतात, रक्ताचा माग लागत नाही, आणि शिकारी घरी येऊन सांगतो की गोळी कमी पडली. मग पुढच्या खेपेला तो दारू वाढवतो. आतड्यात 1330 फुटांनी गेलेली गोळी आणि 1850 फुटांनी गेलेली गोळी यांत डुकराच्या दृष्टीने काहीच फरक नाही, वेदना दोन्हींत सारखीच.

आणि खरोखर वेग वाढवला तर गोळी कमी खोल जाण्याचीही शक्यता असते. इथे ओतकामाचा विषय येतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

नुसतं शिसं फार मऊ, ब्रिनेल कठीणतेच्या मापावर 5 च्या आसपास. त्यात कथील घातलं की धातू साच्यात कानाकोपऱ्यापर्यंत भरतो. अँटिमनी घातलं की तो कडक होतो. चाकाच्या रिमला लावायची जुनी शिशाची वजनं वितळवली तर 10 ते 12 च्या दरम्यान कठीणता मिळते. 90 टक्के शिसं, 5 टक्के कथील आणि 5 टक्के अँटिमनीचं लायमन नंबर 2 मिश्रण 15 च्या जवळ. छापखान्यातला लायनोटाइप, ज्यात 12 टक्के अँटिमनी, तो 22 पर्यंत. आता 1850 फुटांचा आग्रह धरला की मऊ मिश्रण चालत नाही. जोरदार दाबाखाली ते नळीतल्या आट्यांवर घसरतं, आणि लक्ष्यावर लागताच इतकं पसरतं की मोठं छत्र होऊन लवकर थांबतं. म्हणून माणूस कडक मिश्रणाकडे वळतो. पण अँटिमनी फार झालं की गोळी ठिसूळ होते. जोराने फऱ्याच्या हाडावर आदळली की तिचं नाक तुटतं, कधी तुकडे होतात. वेगामुळे कडकपणा आणावा लागला, कडकपणामुळे ठिसूळपणा आला, आणि ठिसूळपणाने त्याच वेगाचा फायदा खाल्ला. 1300 ते 1400 फुटांच्या टप्प्यात हा पेचच उभा राहत नाही. चाकाच्या वजनांचं मिश्रण, त्यात थोडं जास्तीचं कथील, आणि रुंद चपट्या नाकाचा साचा. अशी गोळी थोडी दबते, तुटत नाही, आणि डुकराच्या अंगातून आरपार निघते.

नळीत शिसं चिकटण्याबद्दलही हेच. 'शिसं चिकटतंय, म्हणजे गोळी मऊ आहे, कडक घ्या' हा सल्ला इतक्यांदा दिला जातो की तो खराच वाटू लागतो. बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. गोळी नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा कणभर लहान असेल तर जळत्या दारूचा वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि शिसं कापत, वितळवत नेतो. मऊ गोळी दाबाने बुडाशी फुगून ती फट थोडी बुजवते. कडक गोळी फुगत नाही, म्हणून मध्यम दाबाला ती जास्त शिसं सोडते. मार्लिनच्या जुन्या अनेक रायफलींत मायक्रोग्रूव्ह पद्धतीचे उथळ आटे असत, आणि त्यांत ओतीव गोळी चालतच नाही असं ठामपणे सांगितलं जाई. नळीत मऊ शिशाचा गोळा ठोकून खरा व्यास मोजला आणि गोळी त्याहून इंचाच्या एक-दोन हजारांशांनी मोठी केली की त्याच रायफली नीट नेम देऊ लागतात. हे काम दारू वाढवून होत नाही. मायक्रोमीटर घेऊन बसावं लागतं.

मला या सगळ्या प्रकाराचा राग येतो तो इथे. भार, म्हणजे गोळी आणि दारूची जुळणी, विकसित करणं म्हणजे पुस्तकातल्या सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत पायरी पायरीने चढणं, असं नव्या माणसाच्या मनावर बिंबवलं जातं. खरं काम त्याआधीचं आहे आणि ते बरंचसं कंटाळवाणं आहे. नळी मोजायची. कथिलाचं प्रमाण जमेपर्यंत आणि साचा नीट तापेपर्यंत गोळ्या ओतून परत भांड्यात टाकायच्या. भांडं फार तापवायचं नाही, कारण जस्त 419 अंश सेल्सियसला वितळतं. त्याखाली राहिलं तर वजनांत चुकून आलेले जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. ओल्या वस्तूचा थेंबही वितळलेल्या शिशात जाता कामा नये, वाफेचा स्फोट होऊन धातू अंगावर उडतो. हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही, शिशाच्या हाताने जेवायचं नाही. मग कवचात गोळी बसवायची आणि कवचाची कड गोळीच्या खाचेत घट्ट आवळायची. लिव्हर-ॲक्शनची पेटी नळीच्या आकाराची असते, काडतुसं एकामागे एक उभी राहतात, म्हणून टोकदार नाक निषिद्ध: पुढच्याच्या प्रायमरवर मागच्याचं टोक टेकून दणक्याने बार उडू शकतो. शिवाय .45-70 ची एकूण लांबी 2.550 इंचांच्या आत राहिली पाहिजे. फार लांब नाकाची जड गोळी कागदावर कितीही मोहक दिसली तरी मार्लिनच्या यंत्रणेतून वर येत नाही.

दारूचं प्रमाण मी इथे देणार नाही. ते छापील, तपासलेल्या पुस्तिकेतून घ्यायचं आणि खालच्या आकड्यापासून सुरू करायचं. दारूच्या जातीबद्दल एकच आग्रह धरतो. .45-70 चं कवच प्रशस्त आहे. झटपट जळणारी पिस्तुलाची दारू थोडीच लागते, आणि चुकून दोनदा पडली तरी कवचात मावते. ती चूक डोळ्याला दिसत नाही. त्यापेक्षा कवच बऱ्यापैकी भरणारी, सावकाश जळणारी रायफलीची दारू घ्यावी. दुसऱ्यांदा पडली तर ती बाहेर सांडते.

यानंतर खरी परीक्षा. पेटी पूर्ण भरायची, शेवटचं काडतूस सोडून बाकीचे सगळे बार काढायचे, आणि मग ते शेवटचं काडतूस बाहेर काढून त्याची लांबी मोजायची. दणक्यांनी आणि स्प्रिंगच्या रेट्याने गोळी कवचात मागे सरकली असेल तर ते काडतूस धोक्याचं झालं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. दारू जितकी जास्त तितका दणका जास्त, आणि दणका जितका जास्त तितकी गोळी सरकण्याची शक्यता जास्त. म्हणजे ज्यांनी वरच्या मर्यादेला टेकून काडतूस भरलं आहे, त्यांच्याच पेटीत दाब अनपेक्षितपणे मर्यादेबाहेर जाण्याचा धोका सर्वाधिक.

दणक्याचा हिशेब खांद्यावरही करून पाहावा. सात पाउंडांच्या रायफलीत 405 ग्रेनची गोळी 1330 फुटांनी सोडली तर मागे येणारी ऊर्जा सुमारे 20 फूट-पाउंड भरते, .30-06 च्या जवळपास. 1800 फुटांना ती जवळजवळ 40 होते. मार्लिनची गाइड गनसारखी आखूड रायफल तर सात पाउंडांच्याच आसपास असते. हा दणका मला सोसतो, असं म्हणणारे बेंचवर बसून म्हणतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, झाडीत, कळप हलत असताना ट्रिगर दाबण्याआधीच डोळा मिटतो आणि नेम सरकतो. लिव्हर-ॲक्शनचा सगळा मोठेपणा झटपट दुसऱ्या बारात आहे. पहिल्या बाराने नळी आभाळाकडे उडत असेल, तर जखमी डुकरावर दुसरी गोळी टाकायची संधी हातची जाते.

कळपाचा मुद्दा तर याहून गंभीर. डुकरं सहसा एकटी नसतात. माद्या आणि पिल्लं दाटीने चरत असतात. 1330 फुटांनीच आरपार जाणाऱ्या गोळीला आणखी वेग दिला, तर तो जास्तीचा वेग नेम धरलेल्या जनावराच्या काही कामाचा नसतो. तो मागच्या जनावरात जातो, ज्याच्यावर नेम धरला नव्हता आणि जे पाय ओढत झाडीत शिरेल. मागे काय आहे हे कोणत्याही गोळीच्या बाबतीत पाहायचंच असतं. पण गरजेपेक्षा जास्त भेदक काडतूस मुद्दाम बनवणं म्हणजे ही जबाबदारी स्वतःहून अवघड करून घेणं आहे.

वेगाच्या बाजूने एक मुद्दा निर्विवाद खरा आहे: सपाट मार्ग. 100 यार्डांवर नेम बसवलेली 1330 फुटांची गोळी 200 यार्डांवर सुमारे दोन फूट खाली जाते. उघड्या शेतात, थर्मल दुर्बिणीतून, दूरवर डुकरं मारायची असतील तर हे काडतूस त्यासाठी नाहीच. तिथे दुसरी रायफल घ्यावी किंवा जवळ जावं. दारू वाढवली तरी 200 यार्डांवर ती फूटभर खाली जाणारच, आणि त्या फूटभरासाठी मोजलेली किंमत वर सांगितली आहे. चाऱ्याच्या यंत्राजवळ, ओढ्याकाठच्या झाडीत, 100 यार्डांच्या आत, जिथे लिव्हर-ॲक्शन खऱ्या अर्थाने घरची आहे, तिथे हा फरक शून्यवत आहे.

शिशाला विरोध करणाऱ्यांशी माझा वाद नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे, आणि काँडॉर गिधाडांवर शिशाने ओढवलेलं संकट पाहता ती योग्यच आहे. तिथे तांब्याची गोळी वापरावी. जिथे शिसं चालतं तिथे निदान ते मांसात विखुरणार नाही याची काळजी घेता येते. मध्यम वेगाची, न तुटणारी ओतीव गोळी या बाबतीत वेगवान ठिसूळ गोळीपेक्षा कितीतरी सुरक्षित. डुक्कर खाणार असाल तर सोलताना हातमोजे घाला, ब्रुसेलोसिसचा धोका खरा आहे, आणि जखमेभोवतीचं मांस टाकून द्या.

राहिला मजबुतीचा मुद्दा, आणि तोच मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. उद्योगाच्या मानकानुसार .45-70 ची कमाल दाबमर्यादा 28,000 पीएसआय आहे. 1972 पासून बनलेली मार्लिन 1895 याहून जास्त दाब सोसते, म्हणून भारपुस्तिकांत ट्रॅपडोर, लिव्हर-ॲक्शन आणि रुगर नंबर 1 अशा तीन वेगळ्या पातळ्या छापलेल्या असतात. या पातळ्या कागदावर वेगळ्या आहेत, काडतुसाच्या अंगावर नाहीत. मधल्या पातळीच्या वरच्या टोकाला भरलेलं काडतूस दिसायला कारखान्याच्या मवाळ काडतुसासारखंच दिसतं. ते तुमच्या पिशवीतून मित्राच्या खिशात जाऊ शकतं, तुमच्या पश्चात मुलांच्या हाती पडू शकतं, आणि आजोबांच्या ट्रॅपडोरमध्ये ते कुठेही न अडखळता बसतं. तसं काडतूस भरायचंच असेल तर प्रत्येक डबीवर मोठ्या अक्षरांत कोणत्या रायफलीसाठी ते भरलं आहे, गोळी कोणती, दारू कोणती आणि किती, तारीख काय, हे लिहा. आणि नव्या माणसाला आपला भार सांगताना रायफलीचं नाव आधी विचारा, आकडा नंतर सांगा.